आधी कोणी चाखायचं

गोपीनाथ सप्र्यांनी खिरीचा पहिला चमचा तोंडात घातला, नेहमीसारखे डोळे मिटले, ताटाच्या कडेवर बोटाने टक् केलं आणि निकाल दिला, “ओके. एकदम ओके.” नेमकी त्याच वेळी मागच्या दारातून शेजारची शकुंतला तिवारी पदर नाकाला लावून आत आली. “अरे राम राम, भाभी! दूध लग गया क्या? पूरी लाइन में बास आ रही है!” रत्नप्रभा पळी हातात घेऊन उभी होती. दोन दिवसांपासून सर्दीने तिचं नाक असं चोंदलेलं, की कोणी शेजारी टायर जाळला असता तरी तिला पत्ता लागला नसता. तिने पातेल्यात डोकावून पाहिलं. पळीने तळ खरवडला तर काळी पापुद्र्यांची रास वर आली. मघाशी पुण्याहून दिराचा फोन आला, ती फोनपाशी उभी राहिली आणि इकडे दूध खाली लागलं, हे उघड होतं. पण आता तिचं लक्ष पातेल्याकडे नव्हतंच. शकुंतला रत्नप्रभाच्या नवऱ्याकडे बघून म्हणाली, “भाईसाब, आप खा कैसे रहे हो?” गोपीनाथरावांचा चमचा वाटी आणि तोंड यांच्या मधे थांबला. त्यांनी एकदा शकुंतलेकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि परीक्षेत भलत्याच धड्यावर प्रश्न आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. मग हसून म्हणाले, “खरपूस झालीय जरा. मला आवडते अशी.” आणि उरलेली वाटी संपवली.

मला आवडते अशी! रत्नप्रभा दुपारभर मोरीत बसून पातेलं घासत राहिली आणि ते वाक्यही घासत राहिली. ज्या माणसाने एकदा फोडणीतली मोहरी जरा काळी झाली म्हणून भरलं ताट बाजूला सारलं होतं, त्याला करपलेलं दूध आवडतं? कधीपासून? राख, नारळाची शेंडी, राख, नारळाची शेंडी. तळाचा काळा थर काही सुटेना. कारखान्याचा भोंगा झाला, क्वार्टरांच्या लाइनीतल्या सायकली घंट्या वाजवत परतू लागल्या, तरी ती तिथेच बसून होती.

गोपीनाथराव कारखान्यात तपासणी विभागात होते. इन्स्पेक्शन. तयार झालेला जॉब, म्हणजे यंत्राचा सुटा भाग, त्यांच्यासमोर यायचा. ते बघायचे, हात फिरवायचे, ठोकून ऐकायचे आणि रंगाचा ठिपका द्यायचे. हिरवा म्हणजे पास, पिवळा म्हणजे दुरुस्तीला परत, लाल म्हणजे भंगारात. वर्कशॉपमधली माणसं त्यांना मागून ‘जजसाहब’ म्हणायची, आणि ते त्यांना ठाऊक होतं, आणि आवडतही होतं. भट्टीतून निघालेल्या गरम कॉइलजवळ ते नाक नेत आणि वार्निश कच्चं राहिलंय की जळलंय ते सांगत. मीटर लावला की तोही तेच सांगे. असा माणूस संध्याकाळी घरी येतो तेव्हा ठिपक्यांचे डबे काही फाटकाबाहेर ठेवून येत नाही. लग्न होऊन रत्नप्रभा या क्वार्टरमध्ये आली त्या पहिल्या आठवड्यात तिने वरण-भात वाढला. त्यांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, टक् केलं आणि म्हणाले, “दुरुस्तीला.” तिला वाटलं, थट्टा करताहेत. ती हसली. ते हसले नाहीत. पुढे ती पहिल्या घासाला हसायचं विसरली. पदर बोटाला गुंडाळत उभं राहायचं आणि टक् ऐकू येईपर्यंत श्वास धरायचा. तो श्वास धरायची इतकी सवय झाली, की ते दौऱ्यावर गेले तरी ती एकटी जेवताना पहिल्या घासाला थांबायची.

बरं, आपण आधीच चाखून बघावं म्हणाल, तर ती सोय नव्हती. सासूबाईंचा दंडक. त्या हयात होत्या तोवर वर्षातले काही महिने पुण्याहून इथे येऊन राहत आणि ओट्याशी पाट टाकून बसत. स्वयंपाक चाखायचा नाही. देवाला नैवेद्य दाखवायचा आहे, उष्टं झालेलं चालत नाही. “हाताला कळलं पाहिजे गं,” त्या म्हणायच्या, “जिभेला कशाला विचारायचं?” मग मीठ हाताला विचारायचं, तिखट डोळ्यांना, आणि आधी देव, मग घरचा पुरुष, मग पोरंबाळं आणि शेवटी जिने केलं ती. देव बिचारा कधी बोलला नाही. बोलायचे ते गोपीनाथराव. सासूबाई जाऊन कितीतरी वर्षं झाली. त्यांचे दागिने वाटले गेले, लुगड्यांच्या गोधड्या झाल्या, पण दंडक तसाच ओट्याशी पाट टाकून बसून राहिला. रत्नप्रभाने आयुष्यात आपल्या हातची आमटी गरम असताना, कोणी काही म्हणायच्या आधी, चाखली नव्हती. तिच्या पानात येईपर्यंत त्या आमटीचा निकाल लागलेला असायचा. ‘दुरुस्तीला’ म्हटलेली आमटी तिला पांचट लागायची आणि ‘ओके’ म्हटलेली छान. तिची जीभ कधी वेगळं बोललीच नाही.

आणि आता गेले काही महिने सगळं ओके होतं! शुक्रवारी सकाळी भाजी निवडताना तिच्या हे ध्यानात आलं आणि हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. दिवाळीच्या आधीपासून एकदाही ‘दुरुस्तीला’ नाही, एकदाही ‘रिजेक्ट’ नाही. रोज ओके, सणाला एकदम ओके. या वयात येऊन का होईना, आपला हात बसला म्हणून ती मनातल्या मनात किती सुखावली होती! इंदूरला सुचेताला, म्हणजे लेकीला, फोनवर सांगितलंसुद्धा होतं, “तुझे बाबा हल्ली नावं नाही ठेवत गं कशाला.” लेक म्हणाली, “आई, रिटायर व्हायला आले ना, नरम झाले असतील.” पण दिवाळीच्या आधीच ना ते गोविंदपुऱ्याच्या वळणावर स्कूटरवरून पडले होते? डोक्याला मागे टेंगूळ आलं, डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेतलं आणि सगळं ठीक म्हणून घरी पाठवलं. घरी आल्यावर तिने हौसेने साजूक तुपातला शिरा केला, तर ते बराच वेळ नुसतेच घास फिरवत बसले. मग म्हणाले, “ओके.” ती सुरुवात.

तिला संशय आला आणि संशयाने तिला जे करायला लावलं त्याची तिला पुढे लाज वाटली. पण त्या वेळी नाही वाटली. गोपीनाथराव वर्तमानपत्र वाचत होते. देवघरात तिने उदबत्तीच्या घराची राख झटकली, काडी पेटवली, विझवली, आणि उदबत्ती न लावताच बाहेर येऊन विचारलं, “अहो, नवीन उदबत्ती आणलीय. वास कसा आहे?” त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. नाक वर करून हुंगलं. डोळे मिटले. खुर्चीच्या हातावर बोट आपटलं, टक्. “ओके,” ते म्हणाले, “जरा मंद आहे. पण ओके.”

ती आत आली आणि देवघरासमोर बसली. उदबत्तीचं घर रिकामं होतं. समोर कृष्ण लोणी धरून हसत होता. आधी तिला रागच आला, आणि तो असा उसळून आला की कानशिलं तापली. म्हणजे मला पास करणाऱ्याला नाकच नव्हतं! माझ्या आयुष्यात कौतुकाचे चार महिने आले आणि तेही खोटे! मग मागचे सगळे लाल ठिपके एकेक करून डोळ्यांसमोर यायला लागले. पुण्याहून सगळे आले होते तेव्हा तिने केलेली भरली वांगी, आणि भरल्या पंगतीत “रिजेक्ट!” म्हणून ते हसले होते, सगळे हसले होते. धाकट्या दिराची, सुरेशभाऊजींची, बायको सुमित्रा तेवढी हसली नव्हती. ती आपल्या गोड आवाजात म्हणाली होती, “असू दे हो, त्यांच्याकडे माळव्यात असंच करत असतील.” असू दे हो! सुमित्रा कधी नावं ठेवायची नाही, नुसतं असू दे म्हणायची. रत्नप्रभा उज्जैनची. तिच्या बोलण्यात ‘येऊन राहिले’ यायचं, ‘माझ्याशी नाही होत’ यायचं, आणि पुण्याच्या त्या दिवाणखान्यात तसं काही तोंडून गेलं की क्षणभर कपबशा वाजायच्या थांबायच्या. मग कोणीतरी म्हणायचं, “वहिनींचं मराठी मात्र फार गोड आहे हं.” तिथे गेलं की ती मुकी व्हायची. आणि आता त्याच पुण्यात, सुरेशभाऊजींच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, जन्मभरासाठी जायचं घाटत होतं. गोपीनाथराव पुढल्या महिन्यात रिटायर होणार, क्वार्टर सोडावा लागणार. सुरेशभाऊजींनी फ्लॅट हेरून ठेवला होता. गुरुवारचा तो फोन त्यासाठीच होता, आणि तो येणार म्हणूनच खीरही आधीपासून करायला सांगितलेली. रविवारी सकाळी पुन्हा फोन करतो, हो म्हणा, की बोलून टाकतो, असं ते म्हणाले होते. गोपीनाथरावांनी फोनवरच म्हणून टाकलं होतं, “माझ्याकडून ओके.” तिला कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं का, हाही प्रश्नच होता.

कारण सांगायला होतं. शकुंतलेचा नवराही याच वर्षी नोकरीतून सुटत होता. त्यांनी गावातल्याच सोनागिरीत जोडघरातलं एक घर घेतलं होतं. भिंतीला भिंत लागून दुसरं रिकामं होतं. मागे पेरूचं झाड, पुढे हातभर अंगण. शकुंतला तिला एकदा दाखवायला घेऊन गेली आणि म्हणाली, “बगल वाला तुम ले लो भाभी, दीवार एक रहेगी. मिर्ची माँगनी हो तो ऊपर से हाथ बढ़ा देना.” रत्नप्रभा हसली होती आणि परत येताना टेम्पोत बसून तिने त्या घराचं स्वयंपाकघर मनात लावूनसुद्धा टाकलं होतं. ओटा खिडकीखाली, डब्यांची फळी डाव्या हाताला, देव पूर्वेला. लेक इंदूरला, रात्रीतून येऊन जाता येईल. बाजारातला भाजीवाला तिला ओळखतो, तिची हिंदी-मराठी खिचडी त्यालाही कळते आणि तोही तीच बोलतो. इथे ती कोणाच्या समोर परीक्षेला बसलेली नव्हती, फक्त पहिल्या घासापुरती. पण हे तिने घरात काढलं नाही. तिला वाटलं, माझं काय आहे, मला कुठे पारख आहे?

पारख. शुक्रवारी संध्याकाळी तांदूळ निवडताना हा आणि असेच आणखी शब्द तिच्या डोक्यात पाखडल्यासारखे वरखाली होत राहिले. वडील उज्जैनच्या कोर्टात पेशकार, म्हणजे कारकून होते, त्यांच्या घरात ‘फैसला’ म्हणायचे. तो कोर्टातून यायचा, कोणाच्या तरी घरी रडारड आणि कोणाकडे पेढे घेऊन यायचा. सासरी निकाल असायचा. बायकांच्यात नुसतं नावं ठेवणं. आणि आपल्या वाट्याला काय? निवडणं. आयुष्यभर हेच की. तांदूळ निवडायचे, भाजी निवडायची. तिने ताटातला खडा चिमटीत धरून उजेडात पाहिला आणि तिच्या मनात आलं, की निवडताना आपण खड्याकडे बघतो ते तांदूळ ठेवायचे आहेत म्हणून. कोणी अख्खं ताट उकिरड्यावर फेकत नाही. खडा काढायचा आणि भात शिजवायचा. मग सकाळपासून आपण हे काय चालवलंय? एका माणसाला खोटी उदबत्ती हुंगायला लावली. पकडला! आता लावा लाल ठिपका! तिला एकाएकी त्यांचा तो चेहरा आठवला, नाक वर करून हुंगणारा, काहीच न मिळाल्यावर घाईघाईने डोळे मिटणारा. किती घाबरला असेल हा माणूस रोज, पहिल्या घासाला! इतकी वर्षं ती श्वास धरून उभी राहिली होती, आणि हे चार महिने तोही तिच्यासमोर श्वास धरून बसला होता. तिचा राग गेला असं नाही. राग होताच. पण त्याच्या शेजारी दुसरं काहीतरी येऊन बसलं आणि दोघांनी जागा वाटून घेतली.

शनिवारी सकाळी तिचं नाक मोकळं झालं. आमटी उकळत होती. आमसूल, गूळ, गोडा मसाला, वरून कोथिंबीर. वासाने स्वयंपाकघर भरलं आणि तिला वाटलं, अगंबाई, हा वास त्यांना नाही. मोगऱ्याचा नाही, मातीचा नाही, सुचेताच्या बाळाच्या टाळूचा नाही. नैवेद्याची वाटी हातात घेतलेली तिने खाली ठेवली. पळीतली थोडी आमटी डाव्या तळव्यावर घेतली. सासूबाईंच्या पाटाच्या जागी आता पिठाचा डबा होता, तरी तिने एकदा तिकडे पाहिलंच. मग तळवा ओठाला लावला. भाजलं. थांबली. आंबट आधी आलं, गूळ मागून आला, मसाला घशाशी उतरताना जरा रेंगाळला. मीठ चिमूटभर हवं होतं. तिने ते घातलं, पुन्हा चाखलं, आणि छान झाली होती! कोणी टक् केलेलं नव्हतं आणि तरी छान झाली होती. ओट्याला टेकून ती रडली. तिला वाटलं, चार दशकं मी रोज हे इतकं चांगलं करत होते, आणि कधी वाईटही करत असेन, पण मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

संध्याकाळी गोपीनाथराव मागच्या अंगणात तुळशीला पाणी घालत होते. आनंद नगरच्या बाजूला आभाळ तांबूस झालं होतं, कोणाच्या तरी घरी रेडिओ लागला होता. ती पायरीवर बसली आणि तिने सरळच सांगितलं.

“अहो, तुम्हाला वास येत नाही.”

झारी तशीच तिरकी राहिली. पाणी तुळशीवरून वाहून कट्ट्यावर, कट्ट्यावरून त्यांच्या चपलेवर आलं. मग त्यांनी झारी ठेवली आणि तिच्या शेजारी, पण एक पायरी खाली बसले. आजवर ते असे खालच्या पायरीवर कधी बसले नव्हते.

“खिरीने कळलं?”

“खिरीने आणि उदबत्तीने. उदबत्ती लावलीच नव्हती मी. ते चुकलं माझं.”

“लावलीच नव्हती?” त्यांना हसू आलं, आणि हसता हसता ते मधेच थांबले. “मंद आहे म्हणालो ना मी?”

“जरा मंद म्हणालात.”

“शाब्बास, जजसाहब!” ते स्वतःलाच म्हणाले. मग पायाच्या अंगठ्याने माती उकरत सांगू लागले. “गोड कळतं, खारट कळतं. बाकी सगळं एकच. आमटी काय, कढी काय, गरम पाणी. कारखान्यात कॉइलजवळ नाक नेतो, काही नाही. मग हाताखालच्या अरविंदला म्हणतो, तू बघ रे, शिकून घे, माझे थोडेच दिवस राहिलेत. तो हुंगतो, मीटर लावतो, सांगतो, मी ठिपका देतो. सगळ्यांना वाटतं, सप्रेसाहेब जाताना मोठ्या मनाने शिकवताहेत.” त्यांचा आवाज बारीक झाला. “मला सांगायला भीती वाटली, रत्ना. माझ्याकडे दुसरं होतं काय? मी तपासायचो. तेवढंच करायचो.”

तिला त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला आणि भरली वांगीही आठवली. दोन्ही एकदम. तिने हात ठेवला आणि वांगीही बोलून टाकली. “त्या दिवशी सगळ्यांसमोर रिजेक्ट म्हणालात, ते मला फार लागलं होतं. आजही लागतं.”

“कधी?”

“तुमच्या ध्यानातही नाही ना! वांगी. सुरेशभाऊजी आले होते तेव्हा.”

ते आठवू लागले, आणि त्यांना आठवलं असावं, कारण त्यांची मान खाली गेली. “ती वांगी चांगली होती,” ते म्हणाले. “तिखट होती, पण चांगली होती. सगळे हसतील म्हणून म्हणालो.” आणि मान खालीच ठेवून, “फार वाईट केलं.”

रत्नप्रभाला वाटलं होतं, हे कधी ऐकायला मिळालं तर मोठं काहीतरी होईल. तसं काही झालं नाही. फक्त खांद्यावरून पाण्याने भरलेली कळशी कोणी उतरवून घ्यावी तसं हलकं वाटलं. आणि हलकं वाटलं म्हणूनच पुढचं विचारायची हिंमत झाली.

“आणि पुणं? पुण्याला ओके म्हणालात, ते तरी नीट चाखून म्हणालात का?”

त्यांनी चमकून वर पाहिलं. “गॅस चालू राहिला तर मला कळणार नाही,” ते म्हणाले. “तू सुचेताकडे गेलीस, मी एकटा घरात, शेगडी चालू, वास येतोय आणि मी पेपर वाचतोय. हेच डोळ्यांसमोर येतं सारखं. तिथे भाऊ आहे, माणसं आहेत. म्हणून म्हटलं. आणि मला वाटलं, तुलाही बरं, आपली माणसं, मराठी माणसं.”

“मला?” तिच्या आवाजाला एकदम धार आली. “मला कोणी विचारलं? तिथे मी तोंड उघडलं की परीक्षा आहे माझी! इथे मी बाजारात भांडूसुद्धा शकते!”

गोपीनाथराव तिच्याकडे बघतच राहिले. इतकी वर्षं आपल्या घरात एक भांडखोर बाई राहत होती हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. “मग तुला काय वाटतं?” त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी तिला पूर्वी विचारला असेलही, पण उत्तरासाठी थांबले असे पहिल्यांदाच.

तिने सांगितलं. सोनागिरीचं घर, पेरू, खिडकीखालचा ओटा, मधली एकच भिंत. सांगता सांगता माळवी वळणं येत राहिली आणि तिने ती अडवली नाहीत. “आणि तुमच्या गॅसचं म्हणाल,” ती शेवटी म्हणाली, “तर पुण्यात तिसऱ्या मजल्यावर दारं लावून बसलेली माणसं काय हुंगणार आहेत? इथे शकुंतलेचं नाक शेजारी आहे. अहो, परवा अख्ख्या लाइनीत तिनेच आरडाओरडा केला की! असं नाक भिंतीपलीकडे असताना तुम्हाला कशाची भीती?”

ते हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, तरी पुसलं नाही. रविवारी काय करायचं ते मात्र दोघांनीही बोलून दाखवलं नाही.

रविवारी सकाळी तिने शेवया तुपात परतून पुन्हा खीर चढवली. मुद्दामच. फोन वाजला तेव्हा दूध नुकतं कुठे आटायला लागलं होतं. गोपीनाथरावांनी उचलला. “हं, सुरेश… हो, हो… पाणी चोवीस तास? चांगलं आहे… हो, ऊनही येत असेल…” ती ओट्याशी ढवळता ढवळता ऐकत होती. त्यांच्या आवाजात तीच जुनी लय आली होती, आता टक् होणार, आता ओके. तिने श्वास धरला. आणि मग स्वतःच्याच ध्यानात येऊन तो सोडून दिला. काय व्हायचं ते होवो, पण या वेळी ते ओके म्हणाले तर मी बाहेर जाऊन नाही म्हणेन, असं तिने ठरवलं. पळी बाजूला ठेवली आणि पदराला हात पुसले.

“थांब, सुरेश,” बाहेर गोपीनाथराव म्हणाले. “मला विचारून उपयोग नाही. मी न चाखताच बोललो होतो. वहिनीला विचार.” आणि रिसीव्हर हातात धरून ते दाराशी आले. वायर ताणली गेली होती. त्यांनी डोळे मिटलेले नव्हते.

तिने रिसीव्हर घेतला. तिकडे सुरेशभाऊजी जरा गोंधळले होते, पण लगेच सावरून म्हणाले, “वहिनी, अहो फार छान फ्लॅट आहे. सुमित्रानेही बघितलाय. तुम्हाला सोबत होईल, तुमचं मराठीही…” आणि ते हसले, चांगल्याच मनाने हसले. रत्नप्रभाच्या जिभेवर घडी घातलेलं पुणेरी वाक्य आलं आणि तसंच परत गेलं. “भाऊजी, तुम्ही आमच्यासाठी इतकं करून राहिले, बरं वाटलं. खरंच वाटलं. पण आम्ही इथेच राहणार. सोनागिरीला घर पाहिलंय मी. पुण्याला येऊ, राहू, जेवू. पण राहायला माझ्याशी नाही होणार.” तिकडे क्षणभर सगळं शांत झालं. कपबशा वाजायच्या थांबाव्यात तसं. पूर्वी या शांततेत ती विरघळून जायची. आज मात्र त्या शांततेत तिच्या नाकाला काहीतरी लागलं. बारीक, दुधाचं, जेमतेम सुरू होणारं. “ठेवते भाऊजी,” ती घाईने म्हणाली, “माझं दूध लागतंय!”

पातेलं वेळेवर उतरलं. तिने पळीने तळ चाचपला. स्वच्छ होता. साखर घातली, वेलची घातली, चमचाभर वाटीत घेतली, फुंकली आणि तिथेच उभ्या उभ्या चाखली. गोपीनाथराव दारातून बघत होते.

“देवाच्या आधी?” ते म्हणाले.

“देवाच्या आधी. देव काही बोलत नाही आणि तुम्हाला कळत नाही. कोणीतरी चाखायला नको का?”

तिने नैवेद्य दाखवला, पाणी फिरवलं, नमस्कार केला. मग दोन पानं मांडली. शेजारी शेजारी, एकाच वेळी. ते बसले. पहिला चमचा तोंडात गेला आणि सवयीने डोळे मिटले गेले, बोट ताटाच्या कडेशी गेलं. तिने पाहिलं, ते बोट हवेतच थांबलं. त्यांनी डोळे उघडले आणि ताट तिच्याकडे थोडं सरकवलं.

“सांग,” ते म्हणाले. “कशी झालीय?”

तिने घाई केली नाही. चमचा घेतला, तोंडात घोळवला, गिळला. “दूध आटलंय, पण लागलेलं नाही,” ती म्हणाली. “अगदी कडेला आलं होतं, तिथूनच वळवलंय. वेलची जरा पुढे पुढे करतेय, उद्यापर्यंत मुरेल. शेवया तुपात परतल्याचा वास येतो, पहाटे भट्टीजवळून जाताना शेंगदाण्यांचा येतो ना, तसा. साखर तुमच्या मानाने कमी आहे. माझ्या मानाने बरोबर आहे.”

ते ऐकत होते. चमचा पुन्हा तोंडात घातला आणि या वेळी हळूहळू चावत राहिले. ती सांगत होती ते सगळं त्या घासात कुठे आहे का ते शोधत असावेत. काही सापडलं की नाही कळलं नाही. पण वाटी रिकामी झाली, आणि त्यांनी ती तिच्यापुढे धरली.

“वाढ अजून,” ते म्हणाले. “आणि ते शेंगदाण्यांचं पुन्हा सांग.”